मुलांच्या वर्गाला येणाऱ्यांचं पोलीस व्हेरिफिकेशन: कर्नाटकात करायचं की महाराष्ट्रात?

नंदगडकर

नमस्कार मंडळी. इकडे कर्नाटकात खानापूर भागात वीटभट्ट्यांवर जी कुटुंबं येऊन राहतात त्यांच्या पोरांसाठी आम्ही काही जण मिळून संध्याकाळचा वर्ग चालवतो, भट्टीच्या शेजारी पत्र्याच्या शेडमधे. आईबाप अंधार पडेपर्यंत कामावर, त्यामुळे तेवढा वेळ पोरं पूर्ण आमच्या ताब्यात. ट्रस्ट रजिस्टर आहे पण पगारी माणूस एकच, बाकी सगळे हौसेने येणारे. बेळगावच्या कॉलेजची मुलंमुली आहेत, शिवाय शिनोळीच्या एमआयडीसीत कामाला असलेले, हद्दीपलीकडच्या महाराष्ट्रातल्या चंदगड साईडचे दोघं. आता संक्रांतीच्या आसपास निवासी शिबिर घ्यायचं चाललंय, म्हणजे पोरं रात्री पण आमच्याकडेच.

मीटिंगमधे मी म्हटलं की जे जे शिबिराला येणार त्यांचं पोलीस व्हेरिफिकेशन करून घेऊया. झालं, एक ज्येष्ठ सभासद भडकलेच, "आपल्याच भावकीतला पोरगा हाय, त्याची कसली चौकशी करूलास?" दुसरे म्हणाले एवढी कटकट लावली तर फुकट यायला कोण तयार होणार.

तर विचारायचं असं की स्वयंसेवकांना हे कायद्याने लागतं का, चंदगडच्या पोरांचं कुठल्या पोलिसांकडे करायचं, आणि लोकांना न दुखावता हे सांगायचं कसं? कोणी केलं असेल तर सांगा.

टिळकवाडी_वकील

कायद्याचं आधी सांगतो. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा, २०१२ चा, पण तुमच्या कामाची गोष्ट आहे ती २०२० च्या पोक्सो नियमांत, नियम ३. मुलं जिथे राहतात किंवा जिथे मुलांशी नेहमी संबंध येतो अशा सगळ्या संस्था त्यात येतात, शाळा, पाळणाघर, स्पोर्ट्स अकॅडमी वगैरे. त्यांनी स्टाफचं पोलीस व्हेरिफिकेशन आणि बॅकग्राउंड चेक ठराविक काळाने करत राहायचं आहे, मग तो शिकवणारा असो नाहीतर स्वयंपाकी, कायम असो नाहीतर कंत्राटी. एकदा केलं आणि फाईलला लावून मोकळे झालो असं चालत नाही. आता नियमात कर्मचारी म्हटलंय, स्वयंसेवकांचं नाव घेऊन लिहिलेलं नाही, म्हणून काही संस्था तेवढ्यावर हात वर करतात. मला विचाराल तर पोरांबरोबर रात्री राहणाऱ्या माणसाला पगार मिळतो की नाही याने पोराला काय फरक पडतो?

पोलीस कुठले, तर जो जिथे राहतो तिथले. कर्नाटकात राहणाऱ्याने सेवा सिंधूवरून अर्ज करायचा, चंदगडवाल्यांनी महाराष्ट्र पोलिसांकडे ऑनलाईन चारित्र्य पडताळणीसाठी करायचा. गेल्या काही वर्षांत दोन्हीकडे राहिलेला असेल तर दोन्हीकडचे दाखले मागा. पासपोर्ट ऑफिसच्या पीसीसीच्या (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट) मागे लागू नका, ते परदेशी जाणाऱ्यांसाठी असतं. आणि लैंगिक गुन्हेगारांचा जो राष्ट्रीय डेटाबेस सप्टेंबर २०१८ मधे सुरू झाला तो फक्त पोलीस-तपास यंत्रणांना बघता येतो, तुम्हाआम्हाला त्यात नाव टाकून शोधता येत नाही. बरेच जण ते विचारतात म्हणून सांगितलं.

अजून एक, हे मीटिंगमधे वाचूनच दाखवा. पोराने असल्या अत्याचाराचं काही सांगितलं किंवा तुम्हाला कळलं तर पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. कलम २१ मधे न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते, आणि संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही तर एक वर्षापर्यंत कैद आणि वर दंड. तेव्हा "आधी आपल्यात बसून बघूया" हा प्रकार नको. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाईन आहेच, तो नंबर शेडच्या पत्र्यावर मोठ्या अक्षरात रंगवून घ्या.

शिफ्टवाला

राग मानू नका पण दुसरी बाजू पण ऐका. मी पण चंदगड साईडचाच, दुसऱ्या एका ग्रुपबरोबर रविवारी पोरांना शिकवायला जातो. आम्हाला असलंच सर्टिफिकेट मागितलेलं. ऑनलाईन म्हणतात पण शेवटी स्टेशनला बोलावलंच, एक शिफ्ट बुडाली, चहापाण्याचं तर सोडाच. त्याहून वाईट काय तर गावात बोभाटा झाला, "याच्या नावाची चौकशी आलती, काय करून ठेवलंय याने?" आई आठ दिवस टेन्शनमधे. फुकट काम करायचं, पेट्रोल पदरचं घालायचं आणि वर संशयित पण आम्हीच. आणि ज्यांनी मागितलं त्यांच्यापैकी एकाने तरी स्वतःचं काढलंवतं काय? नाही.

लेस्टरची_शहापूरकर

शिफ्टवाला दादा, तुमचा राग समजतो, पण मला वाटतं राग पद्धतीवर असायला हवा, चेकवर नको. इथे इंग्लंडमधे मी रविवारच्या मराठी वर्गाला शिकवते, त्याला पण डीबीएस चेक, म्हणजे इथली सरकारी गुन्हे-नोंद तपासणी, लागला. स्वयंसेवकाला फी नसते, आणि प्रत्येकालाच लागतो म्हटल्यावर कोणाला काही वाटत पण नाही.

पण हे सगळं उगाच नाही आलेलं. २००२ मधे केंब्रिजशायरमधल्या सोहम गावात दोन शाळकरी मुलींचा खून झाला, करणारा इयन हंटली, गावच्या शाळेचा केअरटेकर. हा आधी हंबरसाईड भागात राहायचा, तिथे त्याच्यावर बऱ्याच तक्रारी झालेल्या पण शिक्षा कशातच नाही, आणि ती माहिती पुढे गेलीच नाही. नोकरीच्या वेळी केंब्रिजशायर पोलिसांनी नाव तपासलं ते निक्सन, जे तो तेव्हा लावत होता, हंटली या नावाने बघितलंच नाही. २००४ मधे या प्रकरणावरच्या बिचर्ड चौकशीचा रिपोर्ट आला, त्यानंतर कायदा बदलला आणि पुढे २०१२ मधे हे चेक करणारं डीबीएस झालं.

तुमची चंदगड-खानापूरची गोष्ट वाचून मला हेच डोळ्यासमोर आलं. दोन पोलीस, मधे एक हद्द आणि नावाचा घोळ. आपल्याकडे तर विचारूच नका, माझ्या स्वतःच्या चुलतभावाचं आडनाव शाळेच्या दाखल्यावर चौगुले, रेशन कार्डावर कन्नडमधून फिरून आलेलं चौगले, आणि आधारवर आडनावच नाही, नुसतं वडलांचं नाव. त्यामुळे फॉर्ममधे "आजवर कागदोपत्री लागलेली सगळी नावं आणि राहिलेले सगळे पत्ते" असा कॉलम ठेवाच, आणि अर्ज करताना सगळी नावं द्या.

रेक्टर_काकू

मी मुलींच्या वसतिगृहात रेक्टर होते, आता रिटायर. वकीलसाहेब बरोबर सांगूलेत, पण बाळांनो त्या सर्टिफिकेटवर फार विसंबू नका. त्यात येतं काय, तर या माणसावर केस नोंद नाही. ज्याचं प्रकरण गावच्या बैठकीत नारळावर हात ठेवून मिटवलं त्याचं सर्टिफिकेट अगदी कोरं करकरीत येतंय. काढा, जरूर काढा, पण खरी माहिती मिळते ती फोनवर.

आधी जिथे काम केलं तिथल्या माणसाशी स्वतः बोलायचं. त्याने दिलेल्या मोबाईलवर नाही, संस्थेचा नंबर आपण शोधून. "कसा आहे ओ पोरगा?" विचारलं की सगळे चांगलाच आहे म्हणतात. मी विचारायची, "उद्या परत आला तर मुलींच्या मजल्यावर ठेवाल काय?" समोरचा लगेच हो म्हणाला तर ठीक. गप्प झाला, मग "तसं काही नाही, पण..." असं सुरू झालं की मी कामाला लावून घेत नसे, पुढचं ऐकायची पण गरज पडत नसे.

दुसरं, समोर बसवून एक प्रसंग द्यायचा. रात्रीचे अकरा वाजलेत, एक पोरगी रडत बाथरूममधे बसलीय, दार उघडत नाही, तू काय करशील? "मी आत जाऊन समजूत काढतो" म्हणणारे खूप भेटतात, बरेचसे भाबडेपणानेच म्हणतात. "ताईला उठवतो, ती येईपर्यंत दाराबाहेर थांबून बोलत राहतो" म्हणणारा आपल्याला पाहिजे. पहिल्या उत्तरावरून कोणाला वाईट ठरवायचं नाही, पण शिकवल्याशिवाय रात्रीच्या ड्युटीला पण लावायचं नाही.

आणि शिबिरात नियम असा करा की कोणी मोठा माणूस एका पोराबरोबर एकटा बंद खोलीत नाही, अध्यक्ष असले तरी नाही. गाडीवर मागे बसवून पोरीला पालावर सोडायला जाणं बंद. पोरांचे फोटो स्वतःच्या मोबाईलमधे घेणं बंद. झोपायची जागा वेगळी, दिवा चालू.

भावकीचं म्हणाल तर एनसीआरबीचे, म्हणजे देशभरच्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी खात्याचे, आकडे त्या ज्येष्ठांच्या पुढ्यात ठेवा. पोक्सोतल्या बलात्काराच्या केसेसमधे ९० टक्क्यांहून जास्त वेळा आरोपी पोराच्या ओळखीतलाच निघतो. अनोळखी माणसाला शेडमधे कोण सोडूलंय? दार उघडतं ते ओळखीच्यालाच. त्यांना राग येईल, येऊ दे.

नंदगडकर

सगळ्यांचे आभार, काकू तुमचा फोनवरचा प्रश्न तर वहीत लिहून घेतला. शिफ्टवाला म्हणतो ते पण पटलं, म्हणून ठरवलंय की पहिला अर्ज माझा आणि अध्यक्षांचा, मग कमिटी, आणि स्वयंसेवक त्यानंतर. फी ट्रस्ट भरणार. शिबिराच्या आधी ज्यांचे दाखले येणार नाहीत त्यांनी दिवसा यायचं, रात्री राहायचं नाही, मग तो भावकीतला का असेना. यावर कालच्या मीटिंगमधे परत वाजलं, एक सभासद उठून गेले, बघू परत येतात काय.

वकीलसाहेब एक राहिलं. हे सगळे कागद ठेवायचे कुठे? आमच्या एका उत्साही पोराने आत्ताच सगळ्यांना आपापलं आधार आणि जुने पत्ते व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला सांगितलंय, आणि तिघांनी टाकले पण.

टिळकवाडी_वकील

अरे बाबा, आधी डिलीट करायला सांगा, आत्ताच्या आत्ता. कागदाचं पाकीट करून कुलपाच्या कपाटात, किल्ली दोघांकडेच, आणि कोणी सोडून गेला तरी त्याच्या पाकिटाची ग्रुपवर चर्चा नाही. एखाद्याच्या दाखल्यात काही निघालंच तर त्याला एकट्याला बोलावून सांगा. नुसती मारामारीची जुनी केस आणि मुलांवरचा गुन्हा यात फरक आहे, तसलं काही असेल तर निर्णय घ्यायच्या आधी मला मेसेज करा.

शिफ्टवाला

अध्यक्षांचा पहिला असेल तर काय बोलणं नाही बा. आमच्या ग्रुपला पण हेच दाखवतो. चंदगडच्या त्या दोघांना अर्ज भरताना काय अडलं तर माझ्याकडे पाठवा, कुठला कागद दोनदा मागतात ते मला पाठ झालंय.