पे अँड पार्क म्हणजे सांगलीच्या पेठेचा गळा? जरा दमानं घ्या की!

गावभागकर :
परवा एका दुकानदाराची पोस्ट फिरत फिरत माझ्यापर्यंत आली. म्हणणं असं : हरभट रोड, मेन रोड, कापड पेठेत पैसे घेऊन पार्किंग सुरू केलं की गिऱ्हाईक विश्रामबागेला नाहीतर थेट कोल्हापूरला जाणार. आम्ही रोड टॅक्स भरतो, घरपट्टी भरतो, मग गाडी लावायचे पैसे कसले? खाली अंगठ्यांची ही रांग. तिथंच उत्तर देणार होतो, पण लांबलं, म्हणून वेगळा धागा.

रोड टॅक्स गाडी घेताना एकदाच भरतो आपण, आणि तो जातो राज्याच्या तिजोरीत. कापड पेठेतल्या सावलीचं भाडं त्यात धरलेलं नसतं. घरपट्टी मीपण भरतो. म्हणून तुमच्या दुकानासमोर खाट टाकून आडवा झालो तर चालंल?

आता जागेचा हिशोब. एका कारला अडीच बाय पाच मीटर धरतात, म्हणजे साधारण १३५ चौरस फूट. मेन रोडला एवढा गाळा विचारायला जा, नुसतं डिपॉझिट ऐकून माणूस खाली बसतो. तीच जागा गटाराच्या कडेला दिवसभर फुकट. तेवढ्यात सहा दुचाक्या बसतात, हेही लक्षात ठेवा. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणातच लिहिलंय की पार्किंगचं शुल्क जागेच्या किमतीला धरून असावं. म्हणजे हे खूळ कुणा एका साहेबाच्या डोक्यातून निघालेलं नाही.

आणि खरं दुखणं पुढंच आहे. गिऱ्हाईक गिऱ्हाईक करता, पण सकाळी पेठेत पहिली गाडी कुणाची लागते? शटर वर जायच्या आधी मालकाची कार, पाठोपाठ नोकरांच्या मोटरसायकली. शटर पडेपर्यंत जाग्यावरनं हलत नाहीत. उरलेल्या जागेत रंगाच्या डब्यात सिमेंट ओतून रोवलेला पाइप, त्याला नायलॉनची दोरी, दोरीला पाटी : ‘फक्त ग्राहकांसाठी’. दुपारी तीच दोरी सोडून मालकाचा मेव्हणा गाडी लावतो. गिऱ्हाईक मारुती चौकाला वळसे घालून घालून कंटाळतं आणि घरी जातं. तासाला दहा-वीस रुपये लावा, मालकाची कार आपोआप लांब जाईल. माझं म्हणणं एवढंच आहे.

पेठेतला :
ती पोस्ट माझ्या चुलत्यांची, म्हणून उत्तर मी देतो. तुम्ही नोकरदार दिसता. महिन्याच्या एक तारखेला पगार, आणि बाजार कसा चालवायचा ते आम्हाला सांगणार. लग्नसराईत जतचं, कवठेमहांकाळचं कुटुंब जीप करून बस्ता बांधायला येतं. बस्ता तासात होतो का? आजी, मावशी, नवऱ्याकडचे चारजण. एकीला काठ आवडला तर दुसरीला रंग नाही. मधेच जेवण, परत पहिल्यापासून गठ्ठे सोडा. त्यांच्या जीपला मीटर लावणार तुम्ही? पुढच्या खेपेला इचलकरंजी गाठतील. आधीच मोबाइलवरच्या खरेदीनं कंबरडं मोडलंय, त्यात तुमची भर.

तासगावचा पाव्हणा :
बस्त्याला लाखभर घालणारा माणूस शंभर-दीडशे वाचवायला इचलकरंजीला जाणार? डिझेल काय चुलते घालणार काय? आम्ही तासगावातनं येतो, आमचा अनुभव सांगतो. जागाच मिळत नाही. दोघं दुकानात जातात, एकजण गाडीत बसून राहतो, पोलीस आला की पुढं, गेला की मागं. नो पार्किंगचा दंड पहिल्यांदा ५०० आणि पुन्हा सापडलं की १५००, डिसेंबर २०२१ पासून. त्यापेक्षा वीस रुपये परवडले.

दोन पोरांची आई :
सगळे कारचंच बोलताय. बाजारात दुचाक्या किती आणि कार किती, बघा तरी एकदा उभं राहून. मागं एक पोर, पुढं एक पोर, हँडलला भाजीची पिशवी, आणि गाडी लावायला जागा कुठं, तर दोन कारच्या मधल्या फटीत. परत यावं तर कुणीतरी अशी चिकटवून लावलेली असते की स्टँडवरनं काढताना घाम फुटतो. दुचाकीला फुकट ठेवा, पैसे कारवाल्यांकडून घ्या. ज्याला एसी परवडतो त्याला वीस रुपये परवडतात.

पावती फाडलेला :
ताई, एसीचं सोडा, पैसे कुणाच्या खिशात जातात ते विचारा. नोकरीसाठी दुसऱ्या एका शहरात होतो, नाव घेत नाही. तिथला पे अँड पार्क म्हणजे ठेकेदाराची पोरं. गळ्यात शिट्टी, तोंडात मावा, हातात पावती पुस्तक. पावतीवर गाडी लावल्याची वेळच टाकायची नाही. विचारलं तर ‘टाकतो की नंतर’. परत आलो की तोंडाला येईल तो आकडा. पावतीच्या मागं बारीक अक्षरात : गाडीस काही झाल्यास जबाबदारी मालकाची. मग पैसे कशाचे घेतले रे? एकदा वाद घातला तर चौघं गोळा झाले. बायको म्हणाली, दे आणि चल. माझा विरोध पैशाला नाही, त्या पुस्तकाला आहे.

पेठेतला :
ऐका! हेच चुलते म्हणत होते.

गावभागकर :
चुलत्यांच्या पोस्टमध्ये ठेकेदाराचा ‘ठ’ नव्हता. पण मुद्दा बरोबर आहे, मानतो. पावती पुस्तक नकोच. मशीनची पावती, त्यावर वेळ, पैसे क्यूआरवर.

नकाशावाला :
मी बांधकामातला माणूस. अमेरिकेत पासाडेना नावाचं शहर आहे, तिथली जुनी पेठ अशीच ओस पडत चालली होती. दुकानदारांचे नोकर दिवसभर जागा अडवायचे. १९९३ ला मीटर लावले, तासाला एक डॉलर. व्यापारी आधी खवळलेच होते. मग ठरलं की मीटरचा पैसा त्याच पेठेत खर्च होणार : फूटपाथ, दिवे, झाडलोट. तेव्हा कुठं विरोध मावळला आणि पेठ उभी राहिली. डोनाल्ड शूप म्हणून प्राध्यापक होते, त्यांनी याच विषयात हयात घालवली. त्यांचं गणित सोपं : दर एवढाच ठेवा की जागा साधारण ८५ टक्के भरलेली राहील आणि येणाऱ्याला एखादी तरी मोकळी सापडेल. सगळी भरत असेल तर दर कमी आहे, ओस असेल तर जास्त.

पेठेतला :
पासाडेना कुठं, पटेल चौक कुठं! तिथं हातगाडी असते का रस्त्यात? गणपती पेठेत मालाचा टेम्पो लागतो तेव्हा तुमचे ८५ टक्के कुठं बसवणार? लांबचं कशाला, पुण्याचं सांगा की.

नकाशावाला :
पुण्याचं सांगतो. मार्च २०१८ मध्ये धोरण मंजूर केलं, बोंबाबोंब झाली म्हणून प्रयोगापुरते पाच रस्ते ठरवले, आणि पुढं वर्षानुवर्षं कागदावरच. खूश?

पेठेतला :
खूश.

उंच बिल्डिंग :
एवढं डोकं कशाला चालवता? गावात चांगलं दोन मजली बेसमेंट पार्किंग करा. वर बाग, खाली गाड्या. विषय संपला.

पूर पाहिलेला :
बेसमेंट? सांगलीत? नदीकाठच्या पेठेत? भाऊ, आपण कुठले? ऑगस्ट २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५. हरभट रोडवर होड्या चालल्या. आणि नदी वरनं यायच्या आधी गटारातनं उलटी येते, ते बेसमेंटला पहिलं कळतं. दोन मजली खाली म्हणे. पाणबुड्या लावणार काय तिथं?

उंच बिल्डिंग :
पंप असतात. जगात होतं सगळं.

पूर पाहिलेला :
पंपाला वीज लागते. पुरात वीज आधी बंद करतात. जगात होतं म्हणे.

नकाशावाला :
बेसमेंट नवीन कशाला बांधायची, आहेत तीच कुठं गेली ते बघा. नकाशात पार्किंग, पूर्णत्वाचा दाखला मिळाला की आठ दिवसांत उतारावर पायऱ्या, आत रॅक, आणि झालं गोदाम. डिसेंबर २०२० ला मुंबई सोडून जवळपास सगळ्या राज्याला एकच बांधकाम नियमावली आली, त्यातही इमारतीच्या पार्किंगचं कोष्टक आहे. कोष्टक कागदावर, गाड्या रस्त्यावर. ती तळघरं मोकळी करा, पेठेतल्या निम्म्या गाड्या आत जातील. आणि पूर आला की सगळ्यात मोठी रड त्याच गोदामांची. जिथं गाड्या लावायच्या तिथं माल ठेवला तर भरपाई कसली मागता?

पेठेतला :
तोंड सांभाळून बोला. २०१९ ला आमचं तळघर गेलं. पाणी ओसरल्यावर साड्यांचे गठ्ठे ओढून काढताना अंगावरनं गाळ गळत होता. रंग एकमेकांत गेलेले, वास असा की जेवण जाईना. आजोबांच्या काळातल्या चोपड्यासुद्धा त्यातच गेल्या. सरकारी मदत जास्तीत जास्त ५० हजार, त्यालाही पंचनाम्याचे हेलपाटे. २०२१ ला परत तेच. आणि तुम्ही एसीत बसून म्हणता भरपाई कसली!

नकाशावाला :
वाईट झालं, मान्य. पण ते तळघर नकाशात काय होतं?

पेठेतला :
तुमच्यासारख्यानंच नकाशा काढला होता आणि तुमच्यासारख्यानंच सांगितलं होतं, ‘लावा हो रॅक, कोण बघतंय.’

पूर पाहिलेला :
दोघंही थांबा. २००५, २०१९, २०२१. दर वेळी वाटतं एवढंच येणार. तळघरात गाडीही नको, मालही नको. आमच्या गल्लीत एकानं पुराच्या रात्री कार काढायची म्हणून तळघरात उतरायचा हट्ट धरला. शेजाऱ्यांनी कॉलर धरून मागं ओढला. सकाळी उताराच्या तोंडाशी नुसतं कारचं टप दिसत होतं.

तासगावचा पाव्हणा :
पार्किंगचा धागा होता ना हा?

गावभागकर :
होता. पेठेतलेसाहेब, पुराबद्दल तुम्हाला कुणी बोलू नये, हे खरं. पण तळघरात माल आहे म्हणून गाडी रस्त्यावर, आणि रस्ता फुकट म्हणून तळघरात माल, हा फेरा तुम्हीच सांगितलात. आता सरळ विचारतो : पहिला अर्धा तास फुकट, दुचाकीला फुकट, कारला तासाला वीस. मालाचे टेम्पो सकाळी दहाच्या आत. मालक आणि नोकरांच्या गाड्यांना पेठेबाहेर स्वस्त मासिक पास. ठेकेदार नाही, आणि महिन्याला किती जमले, कुठं लागले, ते चौकात फलकावर. यात गिऱ्हाईक कुठं मरतं?

पेठेतला :
फलक लावणार? चौकात? आकड्यासकट? तो लागला की मी स्वतः हार घालायला येतो, पेढे माझ्याकडनं. बस्त्याच्या गाड्यांना तीन तास फुकट द्या, मग चुलत्यांशी बोलतो. बोलतो म्हणालो, पटवतो म्हणालो नाही. आणि शनिवारी बाजार भरतो तेव्हा तुमचे पार्किंगचे पट्टे भाजीवाल्यांच्या खाली असणार, ते आधी बघा.

पावती फाडलेला :
तीन तास दिले की चुलत्यांची कारपण ‘बस्त्याची’ होणार.

पेठेतला :
बिलाचा शिक्का लावून द्या मग. बिल असंल त्यालाच सूट.

गावभागकर :
चालेल. पहिल्यांदाच कामाचं बोललात.

दोन पोरांची आई :
दुचाकीला फुकट, एवढं पक्कं ना? मग माझं काही म्हणणं नाही. पुराचं भांडण मात्र वेगळ्या धाग्यावर न्या, इथं स्क्रोल करून बोट दुखलं.

पूर पाहिलेला :
काढलाय. या तिकडं. उंच बिल्डिंग आधीच येऊन पंपाची माहिती टाकतोय.