तिसऱ्यांची आउटलाइन: पीसीएत भलतेच ढीग?

खाडीकाठची: रत्नागिरीजवळच्या भाट्ये आणि काळबादेवी खाड्यांतल्या तिसऱ्यांच्या शिंपल्यांचे फोटो काळे-पांढरे करून आर या संगणकभाषेतल्या मोमॉक्स या आकार मोजायच्या पॅकेजला दिले, एलिप्टिक फुरिए (आउटलाइन लंबवर्तुळांच्या बेरजेत मांडणं) केलं, पण पीसीएत (आकारांतले मुख्य फरक दाखवणाऱ्या आलेखात) खाडीप्रमाणे वेगळं न होता दोन भलतेच ढीग पडतायत, काय असेल?

मालवणकर: आधी नॉर्मलायझेशन (सगळ्या आउटलाइन एकाच मापात नि दिशेत बसवणं) बघ. ते पहिल्या हार्मोनिकच्या, म्हणजे त्या बेरजेतल्या पहिल्या, लंबवर्तुळावरून दिशा ठरवतं आणि तिसऱ्या पडल्या गोलसर, मग काही शिंपल्या १८० अंशात उलट्या बसतात. मिजागरीजवळच्या टोकाला नि दोन्ही कडांना लँडमार्क (खुणेचे बिंदू) दे, प्रोक्रस्टीसने (खुणा जुळवून आकार एकमेकांवर बसवायची पद्धत) अलाइन कर, आउटलाइन त्या टोकापासून सुरू कर आणि मग नॉर्म फॉल्स ठेवून, म्हणजे ते नॉर्मलायझेशन बंद करून, चालव.

दर्यावर्दी: डावी-उजवी शिंपली मिसळली नाहीस ना? आरशातल्या प्रतिमा त्या! हार्मोनिक किती ते ९९ टक्के पॉवरवरून (किती हार्मोनिकमध्ये आकाराचा तेवढा भाग पकडला जातो त्यावरून) ठरव, अंदाजाने नको.

खाडीकाठची: सगळ्या उजव्याच आहेत. आउटलाइन एकावर एक स्टॅक करून उलट्या कोणत्या ते बघते, थँक्यू दोघांना!