परमेथ्रिन लावूनही मुलींच्या डोक्यातल्या उवा जात नाहीत

प्रश्न : शिक्षिका, शहादा
वसतिगृहातील मुलींना मागच्या वर्षी परमेथ्रिनचे १ टक्का लोशन लावले, तेव्हा उवा गेल्या होत्या. यंदा मात्र दुसऱ्या दिवशीही कानामागे आणि मानेजवळच्या केसांत उवा चालताना दिसतात. आमचे लावण्यात काही चुकते, की उवाच औषधाला दाद देत नाहीत, हे कसे ओळखावे?

उत्तर : बालरोगतज्ज्ञ, जळगाव
बाई, आठवड्या-दीड आठवड्याने बारीक उवा दिसल्या, तर त्या बहुधा लिखांतून निघालेल्या असतात. परमेथ्रिनने सगळ्या लिखा मरत नाहीत, म्हणून ते नवव्या दिवशी पुन्हा लावावे लागते. परंतु धुऊन टॉवेलने टिपलेल्या केसांवर पुरेसे लोशन लावून, सांगितलेला वेळ ठेवूनही ८ ते १२ तासांनी फणीत एकही मेलेली ऊ येत नसेल आणि सगळ्या पूर्वीसारख्याच चपळ असतील, तर उवांमध्ये औषधाविरुद्ध प्रतिकारशक्ती आल्याची शंका घ्यावी. हे औषध उवेच्या मज्जापेशींतील सोडियमच्या मार्गावर काम करते. त्या मार्गाच्या जनुकात बदल झालेल्या उवा त्यातून वाचतात आणि त्यांचीच वीण पुढे वाढते. डीडीटी या कीटकनाशकाचा माराही त्याच मार्गावर होता. अशा वेळी तेच लोशन वारंवार लावणे व्यर्थ आहे.

प्रतिसाद : पालक, चोपडा
डॉक्टरसाहेब, गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशीला जुमानणे सोडले, तसाच हा प्रकार दिसतो. आमच्याकडे काही घरांत फवारणीचे सायपरमेथ्रिन पाण्यात मिसळून मुलांच्या डोक्याला चोळतात. त्याने गुण येतो का?

उत्तर : बालरोगतज्ज्ञ, जळगाव
दादा, कृपा करून हे कोणालाही करू देऊ नका. सायपरमेथ्रिन परमेथ्रिनच्याच कुळातले असल्याने अशा उवा त्यालाही पुरून उरू शकतात, आणि शेतीचे औषध मुलांच्या कातडीसाठी बनवलेलेच नसते. त्याच्या जागी मोनोक्रोटोफॉस या जहाल कीटकनाशकाची बाटली हाती आली, तर ते कातडीतून अंगात भिनून मुलाच्या जिवावर बेतू शकते. रॉकेलही लावू नये.

डायमेथिकोन हे सिलिकॉनचे औषध उवेला बाहेरून वेढून मारते, मज्जातंतूंवर काम करत नाही, त्यामुळे ही प्रतिकारशक्ती तिथे आड येत नाही. आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या डॉक्टरांनी तपासून दिल्या तरच घ्याव्यात. १५ किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलांना त्या देत नाहीत. औषध नसेल तर ओल्या केसांना खोबरेल तेल लावून, बारीक दातांची फणी मुळापासून टोकापर्यंत फिरवावी आणि दर वेळी पांढऱ्या फडक्यावर पुसून पाहावी. तीन-चार दिवसांच्या अंतराने निदान दोन आठवडे हे करावे.

बाई, वसतिगृहातील सर्व मुलींची तपासणी एकाच दिवशी करा आणि ज्यांच्या डोक्यात जिवंत उवा सापडतील त्यांचे उपचारही त्याच दिवशी सुरू करा. कोणाही मुलीचे केस कापण्याची किंवा तिला घरी पाठवण्याची गरज नाही.