धर्माची गाय, भेटीचा घोडा आणि पुडिंगची कसोटी

पाटीपेन्सिल: मी मराठी माध्यमाच्या शाळेत नववी-दहावीला इंग्रजी शिकवते. इंग्रजी म्हण आली की आधी तिची मराठी बहीण फळ्यावर लिहिते. भेट मिळालेल्या घोड्याच्या तोंडात बघू नये, याला ‘धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत’. ‘द प्रूफ ऑफ द पुडिंग इज इन द ईटिंग’ला ‘हातच्या काकणाला आरसा कशाला’. मुलांना चटकन कळतं. म्हणी अशाच शिकवाव्यात, असं माझं ठाम मत आहे.

जुनीवही: गाय-घोडा मान्य. पुडिंगची जोडी मात्र साफ चुकली. काकण म्हणतं, समोर दिसतंय ना, मग पुरावा कशाला मागता? पुडिंग म्हणतं, आधी खा, मग बोला. इथे ‘प्रूफ’ म्हणजे पुरावा नाहीच, कसोटी. शब्दाचा तो जुना अर्थ आहे. आणि पुडिंग म्हणजे तुमचं-आमचं कस्टर्ड नव्हे. इंग्रज इतिहासकार विल्यम कॅम्डेनच्या संग्रहात सतराव्या शतकात ही म्हण छापली गेली, त्या काळी आतड्यात मांस ठासून उकडत, त्यालाही पुडिंगच म्हणत. आतलं ताजं की विटलेलं, हे बाहेरून कसं कळणार? एवढं सांगितलंत तर मुलं म्हण जन्मात विसरणार नाहीत. तयार जोडी हातात दिली की ही गंमतच जाते.

पाटीपेन्सिल: मग शितावरून भाताची परीक्षा?

जुनीवही: जवळची आहे, पण तीही नाही. शीत बोटांनी दाबून बघतात, त्यावरून अख्ख्या पातेल्याचा अंदाज. पुडिंग खावंच लागतं.

दोनदाती: गाय-घोडाही इतके सख्खे नाहीत हो. वडिलांबरोबर बैलबाजारात खूप हिंडलोय. वडील बैलाचा खालचा ओठ अंगठ्याने खाली ओढायचे आणि वय सांगायचे. गुरांना पुढचे दात खालच्याच जबड्यात, आठ. दुधाचे पडून पक्के येतात ते जोडीजोडीने: दोन दाती, चार दाती, सहा दाती, मग आठही पक्के आले की जुळला. म्हणून आपण दात मोजतो. घोड्याचे पक्के दात पाचेक वर्षांत पुरे होतात. पुढे मोजून काय उपयोग? दात किती झिजलेत, किती तिरके झालेत हे बघावं लागतं. म्हणून तिथे तोंडात ‘बघू’ नये. जनावर बदललं की क्रियापदही बदललं!

पाटीपेन्सिल: हे मला खरंच माहीत नव्हतं, उद्या वर्गात सांगते. काकणही पुसते. पण पद्धत सोडणार नाही. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरात इंग्रजीचा एक शब्द कानावर पडत नाही. गाय ओळखीची, म्हणून ती घोड्यापर्यंत येतात. आधी पुडिंगचा इतिहास काढला तर मागच्या बाकांवरची पोरं तिथेच गळतील.

जुनीवही: गळणार नाहीत. आतड्यात भरलेलं मांस म्हटलं की मागचा बाकच आधी कान टवकारतो. वर्षाला दहाच म्हणी घ्या, पण पुऱ्या घ्या.

दोनदाती: मी मागच्या बाकावरचाच. मला गाईनेच घोड्यापर्यंत नेलं असतं. माझं मत बाईंना.