मदत हवी आहे: पोरगा ज्या पथकात आहे तिथेच मी सर, आता तो यायलाच नको म्हणतोय

सिडकोचा_ईकोवाला:

नमस्कार मंडळी. धागा लांब होणार आहे, आधीच सांगतो, चहा घेऊन बसा. स्काऊट-गाईडमधे कुणी लीडर असेल किंवा पूर्वी असेल आणि स्वतःचं पोरगंही त्याच पथकात असेल तर त्यांनी प्लीज शेवटपर्यंत वाचा. बाकीच्यांनीही वाचा, पण "एवढं काय त्यात" म्हणू नका, ते घरी ऐकून झालंय.

मी नाशिकचा, अंबडला कंपनीत शिफ्टमधे आहे. पोरगा सहावीत, 11 वर्षांचा. आमच्याकडे शाळेचं नाही तर कॉलनीतल्या मुलांचं खुलं पथक आहे, दर रविवारी सकाळी मैदानावर भरतं. दोन वर्षांपूर्वी मी फक्त सोडायला जायचो. एकदा तिथल्या सरांना दोरीच्या गाठी घ्यायला माणूस कमी होता, मी उभाच होतो, मला क्लोव्ह हिच येत होती (कंपनीत माल बांधून बांधून, नाव तिथे कळलं), आणि तिथून जो अडकलो तो अडकलोच. मागच्या दिवाळीत आठवडाभराची सुट्टी टाकून 7 दिवसांचा बेसिक कोर्सही केला. बायकोने अजून माफ केलेलं नाही. आता मी सहाय्यक स्काऊटमास्टर. पोरं सर म्हणतात. माझा पोरगाही मैदानावर सरच म्हणतो, तसं आमचं ठरलेलं होतं आणि सुरुवातीला त्याला त्याची मजाही वाटायची.

आता मूळ मुद्दा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पथकात पोरांचे छोटे गट असतात, साधारण 6 ते 8 पोरांचे. इंग्रजीत पेट्रोल, आपण संघ म्हणतो (पेट्रोल म्हटलं की पोरं पंपाचे विनोद करतात). प्रत्येक संघाला एक संघनायक. जूनमधे याच्या संघाचा संघनायक बदलायचा होता. मोठे सर गावी गेले होते आणि मला म्हणाले तुम्हीच बघा. मी पोरांना विचारलं. सात पोरं, त्यातल्या पाच जणांनी माझ्या पोराचं नाव घेतलं. आणि मी दुसऱ्याला केलं. का तर लोक काय म्हणतील, सराचा पोरगा म्हणून झाला असंच म्हणतील. खरंच म्हणाले असते, आमच्याकडे दोन पालक असे आहेत की पोराला बॅज मिळाला नाही तर रात्री साडेदहाला फोन करतात. त्यातले एक तर प्रथम सोपान (स्काऊटची सुरुवातीची पायरी) चालू असतानाच राज्य पुरस्कार (बराच वरचा टप्पा) कधी, त्याचे दहावीला मार्क कधी लागणार असं विचारतात. पोरगं सातवीत आहे हो त्यांचं.

माझा पोरगा काही बोलला नाही. मला वाटलं समजूतदार आहे.

मग ऑगस्टमधे रामशेजचा हाइक झाला. आशेवाडीला पायथ्याशी उतरलो तेव्हा भुरभुर होती, वर गेल्यावर धुकं आणि सपासप पाऊस. पोरं खूश, हा किल्ला इतकी वर्षं मुघलांना कसा पुरून उरला, लाकडाच्या तोफा वगैरे, सगळं एकमेकांना सांगत होती. दोन पोरं रेनकोट विसरली होती. एक दुसऱ्या संघातला, एक माझा. माझ्याकडे जास्तीचा एकच होता. तो मी त्या दुसऱ्याला दिला, इथवर ठीक आहे, कुणीही दिला असता. पण माझ्या पोराला मी सगळ्यांसमोर म्हणालो, आपलं ब्रीद काय, तयार रहा, मग तू तयार आहेस का? आणि तसाच भिजत चालवला. माझ्या अंगावर रेनकोट होता. हे लिहिताना आत्ता लाज वाटतेय पण तेव्हा मला वाटत होतं मी फार निःपक्षपाती वागतोय.

त्याला तीन दिवस ताप. घरी काय झालं ते लिहीत नाही.

त्यानंतरचे तीन रविवार तो आलेला नाही. पोट दुखतं, होमवर्क आहे, असं काहीतरी. मी एकटाच जातो आणि बाकीची पोरं विचारतात सर तो कुठेय. मागच्या आठवड्यात गाडी धुताना सरळ विचारलं त्याला, काय झालंय. तो म्हणाला, "सगळ्यांचे पप्पा त्यांना सोडायला येतात. माझेच येत नाहीत."

मला आधी कळलंच नाही, म्हटलं अरे आपण एकाच गाडीत तर जातो. तो म्हणे, "गाडीत पण तुम्ही सरच असता. बाकीची पोरं असतात ना." हे खरं आहे, ईको आहे म्हणून मी येताजाता चारपाच पोरांना घेतो.

प्रश्न असा की मी काय करू. पथक सोडू का? मोठे सर साठीचे आहेत, मी सोडलं तर बंदच पडेल बहुतेक, 22 पोरं आहेत. की पोराला काढू? त्याला ते सगळं खरंच आवडतं, बिनभांड्याच्या स्वयंपाकात त्याची बटाटी कधी करपत नाहीत. की ओढून न्यायचं आणि होईल सवय? दोन महिन्यांनी त्याच्या संघातल्या नव्या पोरांचा दीक्षाविधी (वचन देऊन रीतसर स्काऊट होण्याचा समारंभ) आहे, तोपर्यंत काहीतरी ठरवायचंय.

मिसळ_कमी_तर्री:
पहिली गोष्ट, तुम्ही पथक चालवताय त्याबद्दल सलाम. आमच्या शाळेत स्काऊट म्हणजे वर्षातून एकदा खरी कमाईच्या नावाखाली आईने केलेली भेळ विकणे, बास. दुसरी गोष्ट, पोराला सॉरी म्हणालात का? पूर्ण पोस्टमधे तो शब्द दिसला नाही.

सिडकोचा_ईकोवाला:
@मिसळ नाही म्हणालो. बरोबर पकडलंत.

निवृत्त_गाईड_कॅप्टन:
दादा, मी शिक्षिका होते, 22 वर्षं गाईड पथक चालवलं, आणि त्यातली पाच वर्षं माझी मुलगी माझ्याच पथकात होती. त्यामुळे तुमचं सगळं वाचताना मान हलवत होते. टप्प्याटप्प्याने सांगते, टाइप करायला वेळ लागतो, चुका पोटात घाला.

संघनायकाचं आधी. नेमणूक स्काऊटमास्टर करतो हे खरं, पण संघाचं मत घेऊन. तुम्ही मत घेतलंत आणि उलट केलंत. अन्याय फक्त तुमच्या मुलावर नाही झाला हो, त्या पाच जणांवरही झाला. त्यांना काय कळलं, की विचारतात पण ऐकत नाहीत. आणि ज्याला केलंत त्या बिचाऱ्याला माहितेय की आपल्याला कुणी निवडलेलं नाही. हे तुम्ही एकट्याने ठरवायलाच नको होतं. मोठ्या सरांची आठ दिवस वाट बघितली असती तरी चाललं असतं. आता लगेच बदलूही नका, त्या मुलाची काय चूक? संघनायकांची बैठक असते ना, कोर्ट ऑफ ऑनर, तिथे विषय मोठ्या सरांनी ठेवावा, तुम्ही त्या दिवशी मैदानात झेंड्याची काठी पुरत बसा.

दुसरं, तुमच्या मुलाची एकही चाचणी तुम्ही घ्यायची नाही. गाठी नाही, प्रथमोपचार नाही, काहीच नाही. आमच्याकडे माझ्या मुलीची वही दुसऱ्या बाई तपासायच्या आणि त्यांच्या मुलीची मी. त्याने अर्धी कुजबुज बंद होते. आणि शिस्तीचंही तेच, तुमच्या मुलाला बोलायचं असेल तर मोठे सर बोलतील, तुम्ही नाही. तुम्ही बोललात की एकाच चुकीचे त्याला दोन मार बसतात, एक सराचा एक बापाचा. आणि घरी परत तिसरा.

एक गंमत सांगते. 1907 साली बेडन पॉवेलने ब्राउन्सी बेटावर पहिला कॅम्प घेतला तेव्हा वीसेक मुलं होती, चार संघ केले होते. त्याचा स्वतःचा 9 वर्षांचा पुतण्या डोनाल्डही तिथे होता. त्याला कुठल्याच संघात घातलं नव्हतं, हरकाम्या म्हणून काकाच्या हाताखाली ठेवलं होतं. म्हणजे घरच्या पोराचं काय करायचं हा घोळ पहिल्या दिवसापासूनचा आहे. मला नेहमी वाटतं त्या डोनाल्डला कुणीतरी विचारायला हवं होतं, बाळा तुला कुठल्या संघात जायचंय.

तिसरं जरा कडक आहे, राग मानू नका. तुम्ही चारपाच परकी मुलं एकटेच गाडीतून नेता. हे बंद करा. तुमच्यावर संशय म्हणून नाही. एक मोठा माणूस आणि बाकी सगळी मुलं, असं कुठेच असू नये, गाडीत नाही, तंबूत नाही, खोलीत नाही. दोन मोठी माणसं हवीतच. मुलांसाठीही आणि तुमच्यासाठीही. गाडी रस्त्यात बंद पडली आणि एखाद्याला लागलं तर मुलांजवळ कोण थांबणार आणि धावपळ कोण करणार? एखाद्या पालकाला पुढे बसवा.

गंगापूर_रोड_आई:
मी लीडर नाही, नुसती पालक. माझा मुलगा शाळेच्या पथकात. पालकाच्या बाजूने सांगते, आम्हाला सरांचा मुलगा पुढे गेला याचा राग येत नाही. आम्हाला काही सांगितलंच जात नाही याचा येतो. कुणी का संघनायक झाला, काय बघितलं, हे एकदा ग्रुपवर लिहिलं तर रात्री साडेदहाचे फोन अर्धे कमी होतील. पूर्ण बंद होणार नाहीत, ती जमात वेगळी.

बाकी तुमच्या मुलाचं म्हणणं किती सरळ आहे हो. त्याला सोडायला या म्हणतोय. सोडायला जा ना मग.

ओझरचा_नाना:
मी तुमच्या मुलाच्या जागी होतो. वडील शाळेत पीटीचे मास्तर. इतरांना एक छडी तर मला दोन, लोकांना दिसावं म्हणून. आज माझं वय 47 आहे आणि अजून ते दोन मोजलेले आहेत. ते गेल्यावर त्यांचे विद्यार्थी येऊन रडत होते की सर वडिलांसारखे होते. मी म्हटलं असतील बुवा.

रेनकोटचं लवकर मिटवा एवढंच सांगतो.

सातपूर_सेकंड_शिफ्ट:
पोराला सवय होते, आम्ही काय कमी मार खाल्लाय, एवढं मनाला लावून घ्यायचं नसतं. आजकालची पोरं नाजूक.

मिसळ_कमी_तर्री:
@सातपूर वरची नानांची कमेंट वाचा आणि मग लिहा.

सिडकोचा_ईकोवाला:
बाई, नाना, सगळ्यांचे आभार. नानांची कमेंट बायकोला वाचायला दिली, ती काही बोलली नाही, फक्त फोन परत देताना जरा वेळ हातात धरून ठेवला.

बाई, एक विचारायचं होतं. दीक्षाविधीचं काय करू? म्हणजे नव्या पोरांना स्कार्फ घालायला मोठे सर मलाच उभं करणार. माझ्या पोराचा दीक्षाविधी गेल्या वर्षी झाला तेव्हाही मीच घातला होता स्कार्फ. फोटो आहे. आत्ता बघितला तर त्यात मी कॅमेऱ्याकडे बघतोय आणि तो माझ्याकडे.

निवृत्त_गाईड_कॅप्टन:
नव्या मुलांना खुशाल घाला. पण तुमच्या मुलाचा पुढचा बॅज असेल त्या दिवशी गणवेश घरी ठेवून जा. साध्या शर्टात पालकांच्या रांगेत उभे राहा, टाळ्या वाजवा, सगळ्यात वाईट अँगलने फोटो काढा. मी हे उशिरा केलं, मुलगी नववीत होती तेव्हा. आधीच्या चार समारंभांत तिला आई नव्हती, नुसती कॅप्टन होती.

आणि पथक सोडू नका. महिन्यातला एक रविवार मात्र सोडा.

सिडकोचा_ईकोवाला (तीन आठवड्यांनी):

अपडेट देतो, काही जणांनी मेसेज करून विचारलं.

सॉरी म्हणालो. फार काही झालं नाही, तो टीव्ही बघत होता, म्हणाला "ओके". पाच मिनिटांनी आला आणि म्हणाला पण तुम्ही रेनकोट घातला होता. म्हटलं हो. म्हणे मग तुमचा मला द्यायचा. म्हटलं हो, द्यायला पाहिजे होता. मग परत टीव्ही.

संघनायकाचा विषय मोठ्या सरांनी बैठकीत घेतला. आत्ता जो आहे तो मार्चपर्यंत राहील, मग परत विचारायचं, आणि यावेळी चिठ्ठ्या टाकायच्या असं पोरांनीच ठरवलं. माझा पोरगा सहाय्यक संघनायक झाला. मी तेव्हा बाईंनी सांगितल्याप्रमाणे खरंच काठी पुरत होतो, जमीन कडक होती, बरंच झालं.

मागच्या रविवारी माझी सुट्टी होती, पथकातून. टीशर्ट घालून फक्त त्याला स्कूटरवर सोडायला गेलो. ईको घरीच. गेटपाशी उतरला, पाण्याची बाटली घेतली, रेनकोट घेतला (पाऊस नव्हता, ऑक्टोबर हीट होती), दहा पावलं गेला आणि वळून बघितलं. मी उभाच. परत आला. मला वाटलं काही विसरला. इकडेतिकडे बघून म्हणाला, "पप्पा, आता जा ना. सोडून झालं की जातात सगळे."

गेलो. मखमलाबाद रोडला एकट्याने मिसळ खाल्ली.

आणि बाई, गाडीत दुसरा मोठा माणूस मिळाला. तेच, दहावीच्या मार्कांवाले. दर रविवारी पुढच्या सीटवर बसतात आणि घरापासून मैदानापर्यंत राज्य पुरस्काराचं विचारत राहतात. पोरं मागे हसतात. पण परवा त्यांना रीफ नॉट शिकवली, तर सिग्नलला गाडी थांबली की सीटबेल्टवर प्रॅक्टिस करतात.