बाइकवरून रणभूमी: वॉटर्लू, सोम, व्हर्दां चार दिवसांत?

प्रश्न: बाइक भाड्याने घेऊन बेल्जियममधलं वॉटर्लू (नेपोलियन हरला ते) आणि फ्रान्समधली पहिल्या महायुद्धाची सोम नि व्हर्दां, ही तिन्ही रणांगणं करायचीयत, चार दिवस आहेत, जमेल का? हेल्मेट-जॅकेट घालून म्युझियममध्ये फिरायचं कसं हाही प्रश्न आहेच.

उत्तर १: जमेल पण धावपळ होईल. वॉटर्लू अर्ध्या दिवसात होतं, सिंहाच्या टेकडीच्या २२६ पायऱ्या रायडिंग बूट घालून चढू नका, मी चढलोय, पाय बोलत होते. सोमला मात्र दोन दिवस द्याच. १ जुलै १९१६, एका दिवसात ब्रिटिशांचे १९ हजारांवर मेले, आणि आज तिथे नुसती शेतं! तिथल्याच थीपवालच्या स्मारक-कमानीवर ७२ हजारांवर नावं आहेत, सगळे असे की ज्यांची कबरच माहीत नाही. वाचता वाचता आपण कधी गप्प होतो कळत नाही.

उत्तर २: शरद ऋतूत जाणार असाल तर सांभाळून, बीटची काढणी चालू असते नि ट्रॅक्टरचा चिखल रस्त्यावर, वळणावर हमखास घसरते. साइड स्टँडखाली ठेवायला चपटी प्लेट घ्या, मऊ मातीत माझी आडवी झालीये. आणि शेतात गंजलेला तोफगोळा दिसला तर हात लावू नका, अजूनही जिवंत निघतात.

उत्तर ३: उत्तर फ्रान्समधलं न्यव्ह-शापेलचं भारतीय स्मारक चुकवू नका, पहिल्या महायुद्धातल्या ४,७०० वर आपल्या सैनिकांची नावं आहेत, तिथे गर्दी नसतेच.

प्रश्नकर्ता: मग वॉटर्लू कट. बूट बदलायला साधे शूज टँक बॅगेत (टाकीवरच्या बॅगेत) मावतील ना?

उत्तर १: मावतात, जॅकेटचं बघा आधी.