आत्याच्या मेंदूतील अ‍ॅन्युरिझम: संगणकीय मॉडेलवरून फुटण्याचा धोका सांगता येईल का?

प्रश्न (खानापूर)
मी बेळगावात मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझ्या आत्याची, जिचे वय 58 असून रक्तदाबाची गोळी चालू आहे, डोकेदुखीसाठी तपासणी झाली तेव्हा मेंदूच्या मधल्या धमनीवर 5 मिलिमीटरचा फुगवटा (अ‍ॅन्युरिझम) आढळला. वर्षभराने पुन्हा स्कॅन करायचा आहे. सीडीवरील सीटी अँजिओग्राफीवरून मी धमनीची भूमिती काढली आणि ओपनफोम या प्रवाहाच्या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये रक्तप्रवाह सोडवून पाहिला. भिंतीवरचा घर्षणताण (वाहते रक्त भिंतीला घासल्याने पडणारा ताण) मूळ धमनीत 2 पास्कलच्या आसपास, तर फुगवट्याच्या शेंड्यावर 0.3 येतो. एका शोधनिबंधात कमी ताण धोक्याचा म्हटला आहे, दुसऱ्यात जास्त. घरात अजून काही बोललेलो नाही. नेमके काय समजावे?

उत्तर (उद्यमबाग)
दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. मलप्रभेच्या वळणावर बाहेरचा काठ पाणी खाते आणि आतल्या काठाला गाळ बसतो, हे तुम्ही पाहिलेच असेल. पण धमनीची भिंत जिवंत असल्यामुळे ही उपमा तिथेच संपते. जास्त ताणाला भिंतीतील पेशी प्रतिसाद देतात व ती पातळ होऊ शकते, तर रक्त मंदावून फिरत राहते तिथे दाह वाढून ती दुबळी होऊ शकते. मी व्हॉल्व्हमधील प्रवाहाची सिम्युलेशन्स करतो, म्हणून माझी शंका आधी भूमितीवर जाते. प्रवाह तोच ठेवला तर घर्षणताण त्रिज्येच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. अडीच मिलिमीटरची धमनी पाव मिलिमीटरने अरुंद धरली गेली, की ताण सुमारे 37 टक्के वाढलाच! शिवाय आत शिरणारा प्रवाह आत्याचा मोजलेला आहे, की पुस्तकातला?

उत्तर (निपाणी, रेडिओलॉजी)
भिंतीची जाडी सीटीत दिसत नाही, आणि फुटणे शेवटी तिच्या ताकदीवर ठरते. म्हणून निर्णयाला आम्ही 2014 साली प्रसिद्ध झालेल्या, फुटण्याचा धोका गुणांत मोजणाऱ्या फेजेस गुणांकाचा आधार घेतो. तो सहा अभ्यासांतील 8382 रुग्णांवरून तयार झाला. रक्तदाबाचा 1, मधल्या धमनीचे 2, आकार 7 मिलिमीटरखाली म्हणून 0 आणि वय 70 च्या आत म्हणून 0, असे तुमच्या आत्याचे 3 गुण होतात, म्हणजे पाच वर्षांत सुमारे 0.7 टक्के धोका. मात्र त्यात लोकसमूहाचे गट युरोप-उत्तर अमेरिका, जपान आणि फिनलंड एवढेच आहेत, भारतीयांचा नाही. धूम्रपान आणि फुगवट्याचा वेडावाकडा आकारही त्यात धरलेला नाही. पुढच्या स्कॅनमध्ये फुगवटा वाढलेला दिसला, तर धोका वेगळाच समजावा. दरम्यान रक्तदाब आटोक्यात ठेवावा, आणि अचानक असह्य डोके दुखले तर क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठावे.

प्रश्नकर्ता
प्रवाह पुस्तकातलाच घेतला होता. सीडी पुन्हा उघडली, तर स्लाइसची जाडी 0.625 मिलिमीटर निघाली; म्हणजे पाव मिलिमीटर हे तिच्या निम्म्याहूनही कमी. आता धमनी थोडी रुंद आणि थोडी अरुंद धरून आणखी दोनदा सोडवतो. आत्याला मात्र 0.3 चा आकडा सांगणार नाही, गोळीची वेळ तेवढी विचारीन.